तावाईची राहिलेली लूट

प्रिय हारियाता,

तुझा बाप तुला हॅरिएट म्हणायचा आणि तिकडे सिडनीत सगळे तेच म्हणत असतील. मी मात्र तुला हारियाताच म्हणणार, तू कितीही नाक मुरडलंस तरी. हे पत्र तुझा मावसभाऊ पिरिपी तुला वाचून दाखवेल, कारण तू आपली भाषा विसरली असशील असं त्याला वाटतं. मला नाही तसं वाटत. लहानपणी तू इतकी बडबडी होतीस की माझी पुआ मावशी म्हणायची, हिच्या तोंडात कोणीतरी रताळं कोंबा गं, म्हणजे मला जरा झोप लागेल. एवढी सगळी बडबड कुठे जाईल? अक्षरं वाकडी आली असतील तर हसू नकोस. मिशनमधल्या बाईंनी मला लिहायला शिकवलं तेव्हा माझे केस पिकायला लागले होते, आणि आज तर दौतसुद्धा एका जागी राहायला तयार नाही.

गेल्या खेपेला पिरिपीचं जहाज सिडनीला लागलं तेव्हा तो विचारत विचारत तुझ्या घरापर्यंत आला होता. तुझा नवरा पिंपं बनवतो, घर बंदराच्या वरच्या अंगाला आहे, दाराला हिरवा रंग आहे, हे सगळं त्यानं आल्यावर मला सांगितलं. मी त्याला नुसतं भंडावून सोडलं. उंच झाली आहे का? केस कसे बांधते? बोलताना बापासारखी एकच भुवई उडवते का? तो बिचारा सांगत होता, पण मधेच अडखळायचा. मग कळलं की तू त्याला आत घेतलंच नाहीस. दारातच उभी राहून म्हणालीस, "माझा भाऊ घरात मरून पडला होता आणि तुम्ही लोक आमचं घर लुटायला आलात. बाबांनी बंदूक उचलली म्हणून आम्ही वाचलो. तिला सांग, मला आई नाही." पिरिपीची मान खाली गेली होती. मीच त्याला म्हटलं, एक शब्दही गाळू नकोस, जसं बोलली तसं सांग. तुझ्या दारातून त्याला आणखीही एक दिसलं. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी आम्ही ते घर लुटायला का आलो होतो ते तुला कळायला हवं, नाहीतर माझं पुढचं बोलणं तू ऐकूनच घेणार नाहीस.

तुझा बाप जोनास, आमच्या जिभेवर होना, आमच्या वाइपुनाच्या खाडीत उतरला तेव्हा त्याच्याकडे कुऱ्हाडी होत्या, घोंगड्या होत्या, लोखंडी भांडी होती आणि अर्थात बंदुका. त्यांच्या बदल्यात त्याला हवा होता वाख, जहाजांचे दोर वळायला. तामाहुआनं, म्हणजे गावच्या सरदारानं, तुझ्या थोरल्या मामानं, त्याला जागा दिली, घर बांधून दिलं, कोठार बांधून दिलं आणि 'हा माझा गोरा' म्हणून खाडीभर मिरवला. पलीकडच्या गावाला स्वतःचा गोरा नव्हता, त्यांचा नुसता जळफळाट झाला. आणि राबत कोण होतं? आम्ही बायका. दिवसभर दलदलीत उभं राहून हाराकेकेच्या झुडपांची लांब पाती कापायची, शिंपल्यानं खरवडायची, वाख धुवायचा, वाळत घालायचा. बोटं सोलून निघायची. पुआ मावशी होनाला तोंडावर सांगायची की तुझ्या एका बंदुकीपायी मी इतकी पाती खरवडली आहेत, तिचा पहिला बार मलाच उडवायला मिळायला हवा. होना हसायचा. त्याला आमची भाषा लवकर आली. आमची रीत मात्र आली नाही.

आल्या आल्याच त्यानं काय केलं सांगू? जेवणं चालली होती. ह्याला एकदम प्रेमाचं भरतं आलं, उठला आणि डुकराची चरबी माखलेल्या हातांनी स्वतःची टोपी तामाहुआच्या डोक्यावर चढवली. सरदाराचं डोकं म्हणजे तापू, सगळ्या गावाचं सोवळं त्या डोक्यात, आणि त्याला हा बाबा खरकटे हात लावतोय! दोघातिघांचे हात सोट्यांकडे गेले होते. तेवढ्यात तामाहुआ मोठ्यानं हसला, म्हणून होना जगला. टोपी आम्ही पुरून टाकली. तर हा रुसून बसला, एवढी महागाची टोपी तुम्ही मातीत घातलीत म्हणून! अशा माणसाकडे मी भावाच्या सांगण्यावरून राहायला गेले असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. मला तो आवडला होता. मासे साफ करताना तो गाणं म्हणायचा, अगदी बेसूर, आणि मी हसले की आणखी मोठ्यानं म्हणायचा.

आता नीट ऐक. तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट. तामाहुआची धाकटी पोर खेळता खेळता चुलखड्ड्यातल्या तापल्या दगडांवर पडली आणि तिचा हात भाजला. तिच्या आईचं माहेर नदीपलीकडचं. बातमी पोचायचा अवकाश, ती सगळी मंडळी होड्या भरभरून आली. तोंडाला काळं फासलेलं, भाले नाचवत, पाय आपटत, खाडी दणाणून सोडत. पोरीकडे लक्ष द्यायला तुला काय झालं होतं म्हणून तामाहुआला आधी चांगलं बदडलं. मग त्याची डुकरं नेली, जाळी नेली, घोंगड्या नेल्या, खळग्यात साठवलेली रताळी नेली. आम्ही याला मुरू म्हणतो. होना कुंपणाआडून बघत होता, त्याला वाटलं लढाई पेटली. संध्याकाळी भीत भीत विचारपूस करायला गेला, तर तामाहुआ रिकाम्या घरापुढे सुजलेलं तोंड घेऊन ऐटीत बसलेला. म्हणाला, माझे मासे धरायचे गळसुद्धा ठेवले नाहीत बघ! पुढे कितीतरी दिवस येईल जाईल त्याला तेच ऐकवत होता. अगं, त्याच्या पोरीसाठी एवढे लोक धावून आले, एवढं नेलं, म्हणजे ती केवढी लाडकी! घरात काही उरलं नाही की माणसाला एकट्यानं कुढत बसता येत नाही, लोकांत यावंच लागतं, आणि ज्यांनी नेलं त्यांनी त्याचं दुःखही वाटून नेलेलं असतं. कोणी आलंच नसतं तर तामाहुआला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. होना पोट धरधरून हसला. तुम्ही सगळे वेडे आहात, म्हणाला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली. पण वाख वाळला का असं विचारलं तरी तो तश्शीच मान डोलवायचा.

आणि तावाई. तुला तुझा भाऊ किती आठवतो ते मला माहीत नाही. तो तुला पाठीवर घेऊन चिखलात तिसऱ्या काढायला न्यायचा आणि घरी आणताना तुझ्या केसांत चिखल, कानांत चिखल. मी ओरडले की म्हणायचा, मी नाही, तीच लोळली. होनानं त्याच्यासाठी गोऱ्या पद्धतीची छोटी शिडाची होडी बांधली होती. बापलेक रोज तिच्यात. तामाहुआनं बजावलं होतं की ओहोटी लागली की नदीच्या तोंडाकडे जायचं नाही, तिथं पाणी उलटं फिरतं. होनाला वाटलं, शीड असताना पाण्याला काय भ्यायचं. वारा फिरला आणि होडी उलटली. होना पुन्हा पुन्हा बुडी मारत राहिला, त्याला बाहेर ओढून काढावं लागलं. शेवटी समुद्रानंच तावाईला वाळूवर आणून टाकलं. होना त्याला उचलून घरी घेऊन आला. मी त्या माणसाला कधी दोष दिला नाही. त्याचं काळीज फाटलेलं मी डोळ्यांनी बघितलं आहे.

मी आतल्या खोलीत तावाईजवळ बसले. केस कापले, शिंपल्यानं हात आणि छाती चिरून घेतली. आपल्याकडे पोर गेल्यावर आई असंच रडते. प्रेताला हात लावलेली बाई तापू होते, पोरी. तिच्या हातांनी कशाला शिवायचं नाही. अन्नाला नाही, पाण्याला नाही, जित्या पोराला तर नाहीच नाही, नाहीतर मरण त्या पोराच्याही अंगाला लागतं. आणि तू आई आई करत धावत आलीस. मी हात पाठीमागे लपवले. तू माझ्या गुडघ्यांना मिठी मारायला आलीस आणि मी मागे सरकत भिंतीला टेकले. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी अजून विसरलेली नाही. तुला वाटलं, आईला मी नको आहे. तू वळलीस आणि बाहेर बापाकडे गेलीस.

थोड्याच वेळात माझी माणसं आली. तामाहुआ पुढे, त्याच्यामागे झाडून सगळं गाव. तोंडं काळी केलेली, भाले उगारलेले, पायांखालची जमीन हादरत होती. आतून तो गलका ऐकला आणि तेवढ्या दुःखातही मला बरं वाटलं, खरंच सांगते. माझ्या तावाईसाठी केवढं गाव आलंय, असं वाटलं. होनाला मात्र दिसले ते हत्यारं घेऊन चाल करून आलेले रानटी लोक. तू त्याच्या पायाला बिलगलेली. त्यानं बंदूक उचलली आणि दारात उभा राहिला. मी आतून ओरडले, होना, येऊ दे त्यांना. तो नंतर म्हणाला की त्याला ते ऐकू आलं होतं. त्याला क्षणभर वाटलं, मीही त्यांच्यातलीच.

बाहेरचा नाच थांबला. तामाहुआ अगदी हळू म्हणाला, "होना, बाजूला हो. पोर आमचंही होतं."

होना म्हणाला, "एका भांड्याला हात लावलात तर गोळी घालीन."

मग तामाहुआनं भाला खाली टेकवला. तो मोठ्यानं बोलला असता तर मला सोसलं असतं. तो पुटपुटला, "चला रे माघारी. याच्या पोराचं याला काही नाही."

सगळे गेले. पुआ मावशी तेवढी अंगणात फतकल मारून बसली आणि जमिनीवर हात आपटत राहिली. घरातलं एकूण एक भांडं जागच्या जागी होतं. मी तावाईच्या तोंडाकडे बघत होते आणि मला वाटत होतं की हा आता उठून विचारेल, आई, माझ्यासाठी कोणीच कसं काही नेलं नाही? होना आत आला. म्हणाला, घाबरू नकोस, मी त्यांना हाकललं. त्याला वाटत होतं, त्यानं आम्हाला वाचवलं.

तावाईला माझ्या वडिलांशेजारी ठेवलं. मग माझी रवानगी गावाबाहेरच्या झोपडीत झाली, तापू उतरेपर्यंत. पुआ मावशी काडीला घास टोचून मला भरवायची आणि भरवता भरवता शिव्या द्यायची, म्हणजे मला रडू येऊ नये. त्या दिवसांत वाख घेऊन होनाच्या कोठारावर कोणी फिरकलं नाही. राग नव्हता गं. ज्यानं स्वतःच्या पोराचा असा मान घालवला त्याच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, हे लोकांना कळत नव्हतं. होनाला वाटलं, हे कट शिजवताहेत. एक जहाज नांगर टाकून होतं. एक पेटी आणि तू, एवढंच घेऊन तो चढला. मी टेकडीवरून शीड बघितलं. खाली धावले असते तरी माझे हात तुला लावता आले नसते.

तुझ्या बापाचं कोठार अजून तिथंच आहे, हारियाता, आणि हे तू ऐकायलाच हवंस. तो गेला तेव्हा ते मालानं भरलेलं होतं. कुऱ्हाडी, घोंगड्या, तंबाखू, खिळ्यांची पिंपं. दाराला कुलूपही नव्हतं. ते अख्खं गाव, ज्याला तू लुटारू म्हणतेस, रोज त्याच्यावरून दलदलीत जातं. कोणी एक खिळा उचलला नाही. ज्या दिवशी न्यायचं त्या दिवशी नेऊ दिलं नाही, मग नंतर कोण हात लावणार? घोंगड्या उंदरांनी खाल्ल्या. छप्पर आत पडलं. कुऱ्हाडींचा गंज पावसात वाहून वाळू लाल झाली आहे. मी तिथून जाताना तोंड फिरवते. ते माझ्या तावाईचं राहून गेलेलं आहे.

पिरिपीनं मला हेही सांगितलं की होना गेला, तिकडेच, छातीच्या दुखण्यानं. त्या संध्याकाळी मी मासे साफ करायला बसले आणि त्याचं ते बेसूर गाणं म्हटलं. शब्द मला आले नाहीत, नुसता सूर धरला. पुआ मावशी म्हणाली, तू त्याच्याहून वाईट गातेस. मग आम्ही दोघी पुष्कळ रडलो.

मिशनमधल्या बाई म्हणतात मुरू रानटी आहे, देवाला आवडत नाही. बाई चांगल्या आहेत. मागच्या थंडीत त्यांचं तान्हं गेलं तेव्हा त्यांच्याकडची रीत मी पाहिली. लोक आले, हळू आवाजात बोलले, चहा प्यायले आणि आपापल्या घरी गेले. घरात सगळं जिथल्या तिथं. पाळणासुद्धा. बाई त्या पाळण्याशेजारी बसून शिवण करायच्या. मला ते बघवेना.

आता ती दुसरी गोष्ट. तू दारात उभी राहून पिरिपीला बोलत होतीस तेव्हा तुझ्या खांद्यावरून त्याला खिडकीपाशी पाळणा दिसला. रिकामा, आत घोंगडीची घडी. तुझ्या अंगावर काळे कपडे होते. त्यानं खाली उतरून तुझ्या शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, मुलगा होता, थॉमस नाव, नुकता बसायला लागला होता, खोकल्यानं गेला. लोक येऊन गेले, चहा झाला. पिरिपी हे मला सांगत होता तेव्हा तामाहुआ कोपऱ्यात बसला होता, त्याचे गुडघे आता धड वाकत नाहीत. तो भिंत धरून उठला आणि म्हणाला, "माझ्या भाचीचं पोर गेलं आणि तिच्या घरातलं एक भांडंसुद्धा कोणी नेलं नाही?" दुसऱ्या दिवसापासून गावानं डुकरं आणि बटाटे गोळा केले, जहाजाच्या भाड्यासाठी.

म्हणून ही दौत कलंडते आहे, पोरी. मी हे पत्र जहाजावर बसून लिहिते आहे आणि जहाज तुझ्याच बंदरात नांगरलेलं आहे. पिरिपी हे वाचून संपवेल तोवर आम्ही तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलेलो असू. तोंडं काळी केलेली असतील. तामाहुआ काठी टेकत भाला नाचवणार आहे, हसायचं नाही. पुआ मावशीला समुद्रात उलट्या होऊन होऊन नुसती हाडं उरली आहेत, पण किनाऱ्यावर बसून राहा म्हटलं तर मलाच मारायला उठते. शेजारीपाजारी घाबरतील, त्यांना सांग की ही माझी माणसं आहेत. नवऱ्याला सांग, बंदूक असेल तर खुंटीवरच राहू दे. तुझी भांडी आम्ही नेऊ, खुर्च्या नेऊ, त्याची पिंपं नेऊ, चहाची किटली तर आधी नेऊ. थॉमसचं आणि तावाईचं, दोघांचं एकदमच नेऊ. तू नको म्हणालीस तर तामाहुआ तेव्हा फिरला तसाच माघारी फिरेल, यात जबरदस्ती नसते. पण तो आता म्हातारा झाला आहे आणि मीही. पाळणा मी स्वतः उचलणार आहे, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. त्याच्याही आधी तुला जवळ घेणार आहे. या वेळी माझे हात मोकळे आहेत. दाराला कडी लावू नकोस.

तुझीच, तू नाही म्हणालीस तरी तुझीच आई,
हिनेपारे